इंजिनिअरिंगची इंटर्नशिप: शिक्का मिळतो, शिकायला कुठं मिळतं?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, पण खरोखरच पेचात सापडलेय म्हणून इथं आले.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात मी मेकॅनिकलला शिकवते. गेली तीन वर्षं विभागाच्या इंटर्नशिपचं कामही माझ्याकडेच आहे. तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की मुलांनी सुट्टीत चार ते सहा आठवडे कारखान्यात जायचं, रोज डायरी लिहायची, शेवटी अहवाल आणि तोंडी परीक्षा. गुण मिळतात, क्रेडिट मिळतात, त्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. कागदावर सगळं छान आहे.

यंदा वर्गात ६४ मुलं. त्यातली ३८ कुठं ना कुठं खरोखर गेली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाड इथल्या औद्योगिक वसाहतींत, दोघं पुण्याजवळ चाकणला. उरलेल्या २६ जणांनी प्रमाणपत्रं आणून दिली. अकरा प्रमाणपत्रं एकाच ठिकाणची, अक्षरं तीच, सही तीच, फक्त नावं वेगळी. एका मुलाला मी तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न विचारला, "गेटमधून आत गेल्यावर डाव्या हाताला काय होतं?" त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला पुढचं विचारवेना.

आता प्रश्न असा. या २६ जणांना नापास करावं का? केलं तर क्रेडिट अडकतात आणि ऑगस्टपासून कॅम्पसला कंपन्या येतात त्यात बसता येत नाही. पास केलं तर भट्टीपुढं सहा आठवडे घाम गाळून आलेल्या ३८ जणांना मी काय तोंड दाखवू? विभागप्रमुख म्हणतात, "सगळीकडे असंच चालतं, सोडून द्या." मला सोडून देता येत नाहीये. तुमचे अनुभव सांगा, कडू असले तरी चालतील.

चिंचपोकळी
नापास करा. एक वर्ष केलंत की पुढच्या वर्षी कुणी विकत आणणार नाही.

हिंजवडी_फेज_३
चिंचपोकळी, इतकं सोपं नाही हो. कॉलेजनं या २६ जणांना जागा मिळवून दिली होती का, हे आधी विचारा. बहुतेक ठिकाणी कॉलेज फक्त एक शिफारसपत्र हातात देतं, 'टू हूमसोएव्हर' छापाचं, आणि म्हणतं जा, शोधा. ज्याचा मामा कंपनीत त्याला इंटर्नशिप. ज्याला मामा नाही त्यानं काय करायचं?

आमच्या आयटीत तर आणखी वेगळी तऱ्हा. घरून काम, पगार शून्य, आणि 'कामगिरी बघून मानधन देऊ' असं गाजर. माझ्या चुलतभावानं आणि त्याच्या पाच मित्रांनी दोन महिन्यांत एका छोट्या कंपनीची अख्खी वेबसाइट उभी करून दिली. कोड तपासायला कुणी नाही, चूक दाखवायला कुणी नाही. साइट सुरू झाली त्या दिवशी सहाही जणांना ग्रुपमधून काढून टाकलं. प्रमाणपत्र मात्र वेळेवर आलं. पैसे बुडाले ते एक वेळ राहू द्या, दोन महिन्यांत त्यांना एकाही जाणत्या माणसानं 'हे असं का लिहिलंस' म्हणून विचारलं नाही, हे मला जास्त लागतं.

गोदाकाठ
मी नांदेडचा, एसटीत वाहक आहे. मुलगा पुण्याजवळच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला. पालकाची बाजू मांडतो.

गेल्या मे महिन्यात पोरानं चाकणमध्ये २२ ठिकाणी बायोडेटा दिला. 'दिला' म्हणजे गेटवरच्या वॉचमनच्या हातात दिला. आत कुणी घेतलंच नाही. एका गेटवर त्यानं पाहिलं, वॉचमनच्या टेबलावर असल्या कागदांचा ढीग होता आणि त्यावर चहाचे ग्लास ठेवलेले. सगळ्यात वरच्या कागदावर फोटोतल्या मुलीच्या चेहऱ्यावरच गोल डाग पडला होता. घरी आल्यावर त्यानं बाकी काही सांगितलं नाही, एवढंच सांगितलं.

शेवटी एका ओळखीनं जागा मिळाली. सहा आठवडे. कॉटबेसिसवर खोली, खानावळ, शेअर रिक्षा, सेफ्टी शूज, सगळं धरून अकरा हजाराच्या वर गेले. कंपनीकडून रुपया नाही. मी तक्रार करत नाही, पोरगं शिकून आलं. पण ज्याच्या घरात ते अकरा हजार नाहीत त्यानं दीड-दोन हजारात प्रमाणपत्र घेतलं तर त्याला चोर म्हणताना माझी जीभ अडखळते.

रानजाई
मॅडम, मी तुमच्यासारख्याच एका कॉलेजात आत्ता शेवटच्या वर्षाला आहे. मेकॅनिकलच. वर्गात आम्ही सात मुली.

मला फाउंड्रीतच, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यातच, जायचं होतं. कास्टिंग हा माझा आवडता विषय. एकूण नऊ फाउंड्र्यांमध्ये गेले, वडील गाडीवरून घेऊन फिरले. आठ ठिकाणी एकच उत्तर, 'मुलींना शॉप फ्लोअरवर घेत नाही.' दोन ठिकाणी तर वडिलांकडे बघून उत्तर दिलं, मी शेजारी उभी असताना. नववीकडे घेतलं, पण ऑफिसात बसवलं. बिलं एक्सेलमध्ये भरायची. खिडकीतून मेल्टिंगचा शेड दिसायचा. चौथ्या आठवड्यात मी सरळ विचारलं, मला आत का सोडत नाही? तेव्हा सुपरवायझरनं खरं सांगितलं. "तिकडं बायकांसाठी संडास नाही ताई, दिवसभर कुठं जाशील?"

माझ्या डायरीत सहा आठवड्यांची बिलं आहेत. मी पास झाले. पण त्या २६ जणांत आणि माझ्यात शिकण्याच्या हिशेबानं किती फरक आहे, हे मला कळत नाही.

कलम_पोटकलम
रानजाई, वाचून वाईट वाटलं. एक नोंद करतो. कारखान्यात स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळी स्वच्छतागृहं असली पाहिजेत हे १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून लिहिलेलं आहे. तेव्हा 'सोय नाही' हे मुलीला नाही म्हणायचं कारण होऊ शकत नाही. ती कारखान्याचीच त्रुटी आहे.

भट्टीवाला
मी लिहू की नको म्हणून दोन दिवस थांबलो. माझी शिरोलीत छोटी फाउंड्री आहे, ४५ माणसं. रानजाई ज्या नऊ ठिकाणी गेली त्यात माझी होती का ठाऊक नाही. असेलही. 'नाही' म्हणणाऱ्यांत मी होतो, हे कबूल करतो.

आता आमची बाजू ऐका. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकदम पंधरा-सोळा कॉलेजांची पत्रं येतात, प्रत्येकात दहा-बारा नावं. सगळ्यांची सुट्टी एकाच वेळी. माझ्याकडे तेव्हा पावसाच्या आधी माल काढायची घाई. इंडक्शन फर्नेस म्हणजे विजेची भट्टी चालू, चौदाशे-पंधराशे अंशांचा लोखंडाचा रस लॅडलमधून, ओतायच्या भांड्यातून, फिरतोय, आणि त्यात चपला घालून आलेली दहा पोरं. कुणाच्या पायावर ठिणगी उडाली तर? कॉलेजनं विमा काढलाय का विचारलं तर शिक्षक म्हणतात, 'बघतो.' तीन वर्षांत एकही शिक्षक मुलांना भेटायला आत आलेला नाही. फोनसुद्धा नाही.

दुसरं. चार आठवड्यांत पोरगं कामाला हात लावण्याइतकं तयार होत नाही. पहिला आठवडा बुजण्यात जातो, दुसऱ्यात ते प्रश्न विचारायला लागतं, तिसऱ्यात त्याला थोडं समजायला लागतं आणि चौथ्यात ते अहवाल लिहायला बसतं. शिकवायला माणूस द्यायचा तर तो माझा मोल्डिंगचा सुपरवायझर. त्याचा रोजचा एक तास गेला की माझे साचे कमी पडतात. मोठ्या कंपनीत ट्रेनिंगचं खातं असतं, आमच्याकडे कुठलं?

आणि हो, बायकांच्या संडासाचं खरं आहे. आमच्याकडेही नव्हता. ऑफिसातल्या दोघी शेजारच्या युनिटमध्ये जायच्या. हे लिहिताना लाज वाटतेय.

वारणाकाठ
भट्टीवाला, मनापासून लिहिलंत, आभार. 'तीन वर्षांत एकही शिक्षक आला नाही' हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. मी ३८ पैकी नऊच मुलांना जाऊन भेटले. प्रवासखर्च मिळत नाही, परीक्षेचे पेपर तपासायचे असतात, ही कारणं खरी आहेत. पण नऊ म्हणजे नऊच.

शब्दवेल्हाळ
अवांतर: 'इंटर्नशिप'ला सरकारी मराठीत 'आंतरवासिता' म्हणतात, तो शब्द डॉक्टरांकडून आला. पण आपल्याकडे याला जुना आणि फार चांगला शब्द आहे, उमेदवारी. 'त्यानं अमक्याच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी केली' असं आपले आजोबा म्हणायचे. अजूनही कायद्याच्या मराठीत 'शिकाऊ उमेदवार' आहेच. त्या शब्दात 'हाताखाली' हे गृहीतच असायचं. आज निवडणुकीनं तो शब्द पळवला आणि आपल्याकडे नुसतं प्रमाणपत्र उरलं.

चिंचपोकळी
शब्दवेल्हाळ, हे आवडलं. माझे वडील गिरणीत लागले तेव्हा 'बदली' म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागले होते, त्याआधी सहा महिने काकांच्या मागं मागं फिरून साच्यावरचं, म्हणजे मागावरचं, काम बघितलं होतं. नापास करा असं मी वर म्हणालो होतो. गोदाकाठ यांचं वाचून तेवढं ठाम राहिलो नाही.

टर्नर_काका
मी उद्यमनगरात ३४ वर्षं लेथ चालवली, आता घरी असतो. नातू हे वाचून दाखवत होता म्हणून त्याच्याकडूनच लिहून घेतोय.

इंजिनिअरिंगची पोरं माझ्याकडं खूप आली. हुशार असत्यात, त्यात वाद न्हाई. पण हात न्हाई. एक पोरगं सांगतो. त्याला शाफ्ट दिला, म्हटलं माप घे. १०० मिलिमीटरचा डाया, टॉलरन्स म्हंजी मापात चालणारा फरक, मिलिमीटरचे दोन शतांश. पोरानं मायक्रोमीटर लावला, माप जास्त आलं, मला म्हणाला, "काका, अजून एक कट घ्यावा लागंल." मी म्हटलं, जॉबला हात लाव. त्यानं लावला आणि झटकन काढून घेतला. नुकताच मशीनवरून उतरलेला, गरम. मी म्हटलं, बस, चहा पी. अर्ध्या तासानं परत माप घेतलं, बरोब्बर बसलं. कट घेतला असता तर जॉब अंडरसाइज झाला असता, भंगारात.

पोरगं थर्मल एक्स्पान्शनचं गणित मला कागदावर करून दाखवायला लागलं. पोलाद वीस अंशांनी तापलं तर शंभर मिलिमीटरला तेवीस मायक्रॉन वाढतंय म्हणं. दोन शतांश म्हंजी वीस मायक्रॉन, त्याच्या वरच. मी एवढी वर्षं हातानं ओळखायचो, त्याचं गणित मला तवा कळलं, आणि त्याचं गणित त्याला माझ्या जॉबवर कळलं. ते पोरगं आज जर्मनीच्या कंपनीत आहे, दिवाळीला फोन करतंय.

तर माझं म्हणणं, पास-नापास नंतर बघा. पोराला एक माणूस द्या. मशीन नसलं तरी चालंल, माणूस पायजे.

नेकारकाठची
टर्नर काका, नमस्कार! तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी मूळची मिरजेची, श्टुटगार्टजवळ राहते, आधी इथंच शिकले.

इथल्या 'होखशुल'मध्ये, म्हणजे व्यवहारोपयोगी शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांत, एक अख्खं सत्र कारखान्यात काढावं लागतं. साधारण शंभर दिवस. भट्टीवाला म्हणतात तसं पहिले तीन-चार आठवडे कंपनीला काही उपयोग नसतो, हे इथंही खरं. पण पुढचे दोन-तीन महिने विद्यार्थी खरं काम करून देतो, म्हणून कंपनी आनंदानं घेते. शिवाय वर्षात दोन सत्रं असल्यामुळे सगळे एकाच महिन्यात गेटवर येऊन उभे राहत नाहीत.

इथं सगळं गोड आहे असं मात्र नाही. अभ्यासक्रमातल्या सक्तीच्या इंटर्नशिपला इथला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलांचे जर्मन भाषेवाचून फार हाल होतात. मी पहिल्या ५० अर्जांना उत्तरंच न मिळालेली मुलगी आहे. भाषा धड आली तेव्हा जागा मिळाली.

मांडवीकर
गोव्यातून. आमच्याकडे वेर्ण्याला औषधांच्या आणि इतर कंपन्या बऱ्याच, पण मुलांना हवं असतं ते त्यांच्या शाखेचं. मेकॅनिकलवाल्याला पॅकिंग लाइनवर उभं करतात.

पिलानीच्या बिट्स या अभियांत्रिकी संस्थेची 'प्रॅक्टिस स्कूल'ची पद्धत १९७३ पासून चालू आहे, गोव्यातल्या झुआरीनगरच्या त्यांच्या कॅम्पसमध्येही तीच. शेवटच्या वर्षी साडेपाच महिने कंपनीत, आणि त्या कामावर संस्थेच्या अध्यापकाची देखरेख. गुणही त्यावरच. म्हणजे पत्र देऊन हात झटकायचे नाहीत. खाजगी, महागडी संस्था आहे, मान्य. पण अध्यापकाला त्या कामासाठी मोकळं ठेवणं हा पैशापेक्षा ठरवण्याचा प्रश्न आहे.

कलम_पोटकलम
काही नियम एकमेकांत मिसळले जातात म्हणून लिहितो. मुलांना रोज उपयोगी पडतील.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या इंटर्नशिप धोरणात पदवीच्या चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तास आणि १४ ते २० क्रेडिट सुचवलेले आहेत. म्हणजे एकाच मे-जूनमध्ये सगळं उरकावं असा हेतू कुठंच नाही. पदविकेला तंत्रशिक्षण मंडळानं आधी सहा आठवडे ठेवले होते, नव्या योजनेत बारा केले.

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना, जी ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि जिच्यात तेव्हा महिना ५,००० रुपये ठरले होते, ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हती. २१ ते २४ वयाच्या, शिक्षण वा नोकरीत पूर्णवेळ नसलेल्या तरुणांसाठी ती होती. तिसऱ्या वर्षाची मुलं तिथं अर्ज करून ताटकळतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यात पदवीधर अभियंते १९७३ च्या दुरुस्तीनं आले. २०१९ च्या नियमांप्रमाणे पदवीधराला महिन्याला किमान ९,००० विद्यावेतन ठरलं, त्यातला निम्मा वाटा केंद्र सरकारचा. ज्याच्याकडे ३० किंवा जास्त माणसं आहेत त्यानं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच आहेत. भट्टीवाला, तुमची ४५ माणसं आहेत. तुम्ही यात येता.

भट्टीवाला
येतो. आयटीआयची दोन पोरं घेतलीत. डिग्रीवाला अर्ज करत नाही, त्याला पुण्याला जायचं असतं.

हिंजवडी_फेज_३
कलम यांची माहिती एक नंबर. पण घोळ असा की पदवीनंतरचा शिकाऊ उमेदवार कायद्यात बसतो, त्याला विद्यावेतन, करार, सगळं आहे. शिकत असताना जो सहा आठवडे येतो तो विद्यार्थीही नाही आणि कामगारही नाही. त्याला लागलं-खुपलं तर कोण?

पैशाचंही सांगतो, मुलं वाचत असतील तर. जी कंपनी इंटर्नशिप देण्यासाठी *तुमच्याकडून* पैसे मागते ती इंटर्नशिप नव्हे, तो क्लास आहे. क्लास म्हणून लावायचा असेल तर खुशाल लावा, पण डायरीत क्लास म्हणूनच लिहा.

रात्रपाळी
मी त्या २६ जणांसारखा. वेगळ्या कॉलेजातला, पण तसाच. नवीन आयडी काढून लिहितोय.

मी प्रमाणपत्र विकत घेतलं. १,८०० रुपये. यूपीआयवर पाठवले, दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली, 'सहा आठवडे, उत्कृष्ट कामगिरी'. त्या सहा आठवड्यांत मी गावाकडच्या एका पेट्रोल पंपावर रात्रपाळी करत होतो. पुढच्या सत्राची फी भरायची होती. घरात हे कुणाला सांगितलं नव्हतं, कॉलेजात तर नाहीच.

तोंडी परीक्षेला मला कुणीच काही विचारलं नाही. सर म्हणाले, रिपोर्ट ठेव, जा. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पहिल्या इंटरव्ह्यूत विचारलं, इंटर्नशिपमध्ये काय केलंत? मी रिपोर्टमधलं पाठ केलेलं बोलायला लागलो आणि तिसऱ्या वाक्याला समोरचे साहेब फाइल मिटून म्हणाले, "बरं, घरी कोण कोण असतं?" तिथंच कळलं.

मॅडम, तुम्ही त्या मुलाला गेटच्या डाव्या हाताचं विचारलंत. वाईट वाटून घेऊ नका. मला कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं मला वाटतं.

गोदाकाठ
रात्रपाळी, बाळा, पंपावर सहा आठवडे रात्री उभं राहणं ही काय चेष्टा नाही. कुठल्या गावचा आहेस ते विचारत नाही. नांदेड बाजूचा असशील आणि काही लागलं तर इथं निरोप टाक.

टर्नर_काका
पोरा, पंपावर होतास ना? मग पंप कसं माप देतंय, टाकी कशी मोजत्यात, पट्टी टाकून डिझेल कसं बघत्यात, घनता का मोजत्यात, हे सगळं बघितलंस की न्हाई? ते पण मशीनच. लिही त्यावर.

रात्रपाळी
काका, रोज सकाळी हायड्रोमीटरनं घनता आणि तापमान बघून तक्त्यावरून १५ अंशांची घनता काढायचो. रजिस्टर मीच भरायचो. हे कधी इंजिनिअरिंग म्हणून डोक्यातच आलं नाही.

नेकारकाठची
आलं असतं, जर कुणी विचारलं असतं. काका, तुम्ही खरे मास्तर.

रानजाई
रात्रपाळी, सलाम तुला. मी एसीत बसून बिलं भरली आणि माझं प्रमाणपत्र 'खरं'.

वारणाकाठ
गेले चार दिवस मी हा धागा रोज रात्री वाचतेय. मूळ प्रश्नावर येते.

काल २६ जणांना एकेकटं बोलावलं. दार लावलं, आधी सांगितलं की इथलं बोलणं इथंच राहील, आणि एवढंच विचारलं: सुट्टीत खरं काय करत होतास? अकरा जण कामाला होते. दूध संकलन केंद्र, कॅटरिंग, काकांचं वेल्डिंगचं दुकान, एक जण ऊसतोडीच्या मुकादमाकडे ट्रॅक्टर दुरुस्तीला. एका मुलीच्या आईचं ऑपरेशन होतं, घर तिच्यावर होतं. सहा जणांनी बऱ्याच कंपन्यांत फिरून नाद सोडला होता. आठ जणांनी काहीच केलं नव्हतं, तसं स्पष्ट सांगितलं. एकानं रडत सांगितलं.

प्रमाणपत्रं सगळ्यांची परत केली. खोटा कागद मी स्वीकारणार नाही. पण नापासही करत नाहीये. प्राचार्यांशी बोलून निकाल 'अपूर्ण' ठेवलाय. या सत्रातले दहा शनिवार आणि दिवाळीची सुट्टी धरून त्यांनी खरं काम करायचं, एका माणसाच्या हाताखाली. त्या माणसाचं नाव आणि फोन माझ्याकडे असेल आणि प्रत्येकाकडे मी किंवा माझा सहकारी दोनदा जाऊ. वेल्डिंगचं दुकान चालेल. ट्रॅक्टरचं गॅरेज चालेल. अहवाल लांब नको, एक जॉब, एक बिघाड, तो का झाला आणि काय केलं, एवढंच. तोंडी परीक्षा कॉलेजात नाही, तिथं उभं राहून घ्यायची. विमा कॉलेज काढणार, तो कागद प्राचार्यांच्या सहीनं आज झाला. प्रवासखर्चाचं अजून भांडतेय.

विभागप्रमुख नाराज आहेत. ते म्हणतात, पुढच्या वर्षी सगळेच सवलत मागतील. मागू देत.

अडचण एकच राहिलीय. २६ पैकी १४ जणांना माणूस सापडलाय. बाराजण अजून बाकी, त्यात चार मुली. फाउंड्री, मशीन शॉप, कुठलंही चालेल.

कलम_पोटकलम
मॅडम, करारपत्राचा एक पानी मसुदा करून देतो. जबाबदारी, विमा, कामाच्या वेळा, रात्रपाळी नाही, चालू मशीनला हात नाही. उद्यापर्यंत टाकतो.

टर्नर_काका
माझ्याकडं मशीन न्हाई आता. पण शनिवारी चार पोरं घरी पाठवा. मापं घ्यायला शिकवतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज, सगळं अजून डब्यात तेल लावून ठेवलंय. पोरी आल्या तरी चालंल, घरात सूनबाई असत्यात.

भट्टीवाला
मॅडम, चौघींना माझ्याकडे पाठवा. चौघींनाच. मागच्या सोमवारी गवंडी लावला, स्वच्छतागृहाचं काम पुढच्या आठवड्यात होतंय, दार आणि कडी बसायची आहे. रानजाईनं लिहिल्यावर बायकोनं मला दोन दिवस जेवताना तेच विचारलं.

काम पण ठरवलंय. पावसाळ्यात माझ्या एका हाउसिंगमध्ये, म्हणजे मशीनच्या ओतीव कवचात, भोकं निघाली, रिजेक्शन वाढलं. माझा सुपरवायझर म्हणतो वाळूत ओल जास्त, गॅस अडकून ब्लो होल, म्हणजे वायूची भोकं, होतात. मला वाटतं श्रिंकेज आहे, म्हणजे धातू थिजताना आकसतोय आणि त्याला जादा रस पुरवणारा रायझर कमी पडतोय. मुलींनी ते पीस कापून बघायचे. भोकाची आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत असली तर वायू, खडबडीत फाटल्यासारखी असली तर श्रिंकेज. रोज वाळूची ओल तपासून लिहायची, किती पीस गेले ते समोर लिहायचं. दहा शनिवारांत मला उत्तर पाहिजे. मला खरंच पाहिजे, त्यांच्या गुणांसाठी नाही.

आणि रानजाई, तुझं शिक्षण संपायला अजून वेळ असेल तर तूही ये. ऑफिसात नाही.

रानजाई
येते. किती वाजता?

भट्टीवाला
सकाळी साडेआठ. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, केस बांधलेले, ओढणी नको. सेफ्टी शूजचा नंबर आधी कळवा, पाचही जोड मी आणून ठेवतो. वॉचमनला नावं देऊन ठेवलीत, गेटवर कागद द्यायचा नाही, सरळ आत यायचं.